शहरातली म्हणून ही वाट गाळू नका

‘टाइन अँड विअर म्हणजे नुसती शहरं, इंग्लंड कोस्ट पाथचा तेवढा भाग गाळा’ हे इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या या पायवाटेवरच्या लेखातलं मत अजिबात पटलं नाही. आम्ही ईशान्य इंग्लंडमधल्या याच भागात, संडरलँडहून उत्तरेला चालत गेलो. वाटेत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं सूटर दीपगृह लागतं, १८७१ मध्ये खास विजेच्या दिव्यासाठी बांधलेलं. पुढे मार्सडेनच्या खडकावर किटिवेक या समुद्रपक्ष्यांचा एवढा कलकलाट की एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं! हेच पक्षी न्यूकॅसलच्या टाइन पुलावरही घरटी करतात, आणि तेही भर रहदारीच्या डोक्यावर. साउथ शील्ड्सला टाइन नदी आडवी येते. मग फेरीबोट. आमच्या चिखलाच्या बुटांशेजारी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजी बसल्या होत्या. ‘कुठून चालत आलात?’ त्यांनी आपणहून विचारलं.