ब्रेक ऑइल हे ऑइल नसतं

'गिअर जड पडतोय? गॅरेजवाल्याला हजारो रुपये देण्याआधी हे वाचा' असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली सहा उपाय, शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा'. माझ्याकडे तो ताईच्या भिशीच्या ग्रुपमधून आला. पण माझ्याआधी तो भाच्याला पोचला होता आणि पठ्ठ्यानं त्यातला दुसरा उपाय करूनही टाकला होता. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत बसण्याएवढा रिकामा मी नाही.

भाच्याची गाडी म्हणजे जुनी घेतलेली टर्बो हॅचबॅक. हातानं गिअर टाकायची, सस्पेन्शन कडक, सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या तोंडापासून घरात ऐकू येणारा. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला होता, "मामा, पहिला गिअर पडंनाच की ओ. रिव्हर्स तर कर्रकन ओरडतोय." मी म्हटलं रविवारी आण, बघू. रविवारपर्यंत दम निघाला नाही.

मुद्दे क्रमानं घेत नाही. दुसऱ्यापासून सुरू करतो. बाकीच्या पाचांत फार तर पैसे जातील, यात माणूस जाईल.

मेसेज म्हणतो: 'क्लचच्या डबीतलं ऑइल कमी झालं की गिअर जड होतात. महागडं ब्रेक ऑइल घेऊ नका. ऑइल ते ऑइल. स्टिअरिंगचं किंवा शिलाई मशीनचं पातळ ऑइल टाका, गिअर लोण्यासारखे पडतील.'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्याच जिवावर बाकीची खपली.

घोळ आपल्या बोलण्यातच आहे. सोलापुरात काय, सगळीकडेच गॅरेजवाला, स्पेअर पार्टवाला आणि मीसुद्धा 'ब्रेक ऑइल'च म्हणतो. पण ते ऑइल नसतंच. बहुतेक गाड्यांत असतं ते डॉट 3 किंवा डॉट 4, म्हणजे ग्लायकोल जातीचं रसायन. ते पाण्यात विरघळतं. खनिज तेल विरघळत नाही. ब्रेक आणि क्लचच्या आतले रबरी सील या ग्लायकोलसाठी बनवलेले असतात. त्यांना खनिज तेल लागलं की ते फुगतात.

भाच्यानं डबीत स्टिअरिंगचं लाल ऑइल ओतलं होतं. मी झाकण उघडलं तर खालची रबराची घडीदार टोपी भिजवलेल्या खारकेसारखी टम्म झालेली. परत बसवायला गेलो, बसेना. इंजेक्शनच्या सिरिंजनं डबीतलं थोडं ओढून काचेच्या पेल्यात पाण्यावर सोडलं. रश्श्यावर तर्री यावी तसा लाल तवंग वर आला. शेजारच्या पेल्यात सीलबंद डब्यातलं डॉट 4 सोडलं, ते पाण्यात मिसळून दिसेनासं झालं. भाचा दोन्ही पेल्यांकडे बघत उभा होता. मी काही बोललो नाही, बोलायची गरजही नव्हती.

आता मेसेजवाल्याला माहीत नसलेली गोष्ट. भाच्याच्या गाडीत, आणि अशा कितीतरी गाड्यांत, क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. क्लचकडे जाणारी नळी त्या डबीला जरा वरच्या अंगाला लावलेली असते. क्लचच्या बाजूला गळती लागली तर पातळी त्या भोकापर्यंतच उतरावी आणि ब्रेकसाठी खाली शिल्लक राहावं, म्हणून. म्हणजे गिअर जड होणं ही पहिली घंटा. आमच्या दिवट्यानं घंटा ऐकली आणि वरून तेल ओतलं. खनिज तेल हलकं, ते वरच तरंगणार, म्हणजे बरोबर क्लचच्या भोकापाशी. पण गाडी चालते, हिंदकळते, आणि त्याच डबीखाली ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब द्रवात उतरवणारा पंप, बसलेला आहे.

पहिले दोन दिवस गिअर खरंच छान पडले. पातळी भरली होती ना! असे मेसेज याच दोन दिवसांवर जगतात. मग क्लचचं पेडल खाली गेलं की वर यायला वेळ लावू लागलं. पुढे अक्कलकोट रोडवरून घरी येताना पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास, रिमवर पाणी टाकलं तर चर्रर्र. सील फुगून मास्टर सिलिंडरमधलं बारीक भोक बुजलं होतं. पाय काढल्यावर दाब त्याच भोकातून डबीत परत जायचा असतो. तो गेला नाही, पॅड डिस्क धरून बसले, डिस्क तापली. असंच चालवत राहिलं तर आतला द्रव उकळतो, त्याची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. त्या रविवारी तो ताईला घेऊन तुळजापूरला निघणार होता. येताना घाट उतरायचा असतो.

माझ्या शब्दावर विश्वास नको. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत 116 क्रमांकाचं मानक फक्त ब्रेकच्या या द्रवासाठी आहे. डॉट 3, डॉट 4 ही नावं तिथलीच. डॉट 4 कोरडं असताना 230 अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये आणि ठरावीक ओलावा शोषल्यावरही 155 च्या आत नाही. सीलच्या रबरी वाट्या त्यात ठेवून त्या किती फुगतात, याची चाचणीही त्याच मानकात आहे. रबर फुगणं हा जगानं कधीच ओळखलेला धोका आहे, म्हणून तर चाचणी. आणि अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या गाडीच्या डबीचं झाकण वाचा. कुठलं डॉट वापरायचं ते सहसा तिथंच लिहिलेलं असतं.

डबीतली पातळी उतरली म्हणजे एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. भाच्याचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब घेऊन क्लच सोडवणारा, गळत होता. सुदैवानं त्याच्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर आहे; बदलायचा, हवा काढायची, विषय संपला असता. आता दोन्ही मास्टर सिलिंडर, स्लेव्ह, कॅलिपरची सीलं, रबरी नळ्या, सगळं नवीन. एबीएसचा ब्लॉकही बदलावा लागेल असं मेकॅनिक म्हणतोय. आकडा ताईला अजून सांगितलेला नाही.

आता बाकीचे.

'गिअरबॉक्स कधीच बिघडत नाही, गॅरेजवाले लुटतात.' कधीच नाही म्हणे! पण नाइलाजानं मान्य करतो, गिअर कुरकुरला की थेट गिअरबॉक्स उतरवायला निघणारे महाभाग आहेत. मी टॉवेलच्या कारखान्यात 25 वर्षं मेंटेनन्सला आहे, आमच्यातही असे आहेत. उतरवण्याआधी फुकटात होणारं एवढं बघा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद असताना मऊ आणि चालू असताना जड, म्हणजे बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दोनदा पंप केल्यावर गिअर पडला तर हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती. बंद इंजिनवरही जड असेल तर केबल, लिंकेज, बुश बघा, मग आतलं. एकच गिअर, बहुतेकदा दुसरा, वेगात टाकताना ओरडत असेल तर त्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी, झिजलेली असू शकते. आणि सगळ्यात आधी पायाखालचं मॅट उचला. जाड मॅटमुळे क्लच तळापर्यंत जात नव्हता, अशी गाडी मी स्वतः 'दुरुस्त' केली आहे. एक चहा मिळाला.

'गिअरबॉक्समध्ये जाडात जाड ऑइल टाका, जीएल-5 लिहिलेलं, जीएल-4 पेक्षा भारी.' 5 हा आकडा 4 पेक्षा मोठा आहे, एवढंच यामागचं शास्त्र. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे प्रकार. जीएल-5 मुख्यतः डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, हायपॉइड जातीच्या गिअरसाठी. त्यातली रसायनं काही वेळा पितळी सिंक्रो रिंगला खातात आणि रिंगला घासून वेग जुळवायला जी पकड लागते तीही कमी करतात. काही गाड्यांना कंपनीच जीएल-5 सांगते, तिथं तेच टाका. बाकीच्यांनी मॅन्युअलचं पान उघडा.

'स्पोर्ट्स कारचे गिअर कडकच असतात, लक्ष देऊ नका.' अर्धं खरं. लिव्हरचा पल्ला आखूड, त्यामुळे हाताला जड लागतं. तेल गार असताना दुसरा गिअर पहिले काही मिनिटं कुरबुर करतो, हेही होतं. पण मे महिन्यातल्या सोलापुरात गार तेलाची सबब कुणी सांगू नये. आणि कडक वेगळं, कर्रकन वाजणं वेगळं.

'लिव्हरवर सतत हात ठेवा, गिअर सेट होतात.' नाही. हाताचं वजन आत गिअर सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कवर जातं, तो झिजतो. हात स्टिअरिंगवर.

'रेसर क्लच न दाबता गिअर टाकतात, तुम्हीही शिका.' त्यांच्या बऱ्याच गाड्यांत सिंक्रोच नसतात, थेट दात अडकवणारा डॉग गिअरबॉक्स असतो, आणि तो ते वरचेवर उघडून बघतात. आपण आसरा चौकात उभे असतो.

गाडी सध्या जॅकवर आहे, पुढची चाकं काढून. डबी धुऊन टॉवेलवर उपडी ठेवली आहे, ती टम्म टोपी तिच्या शेजारी. कालच भाच्याच्या मित्रानं त्याला तोच मेसेज पाठवला. त्यानं उत्तरात दोन पेल्यांचा फोटो टाकला.