कीळडीची काळी मडकी आणि फॉरवर्डमधलं ‘नॅनोतंत्रज्ञान’

नोव्हेंबर 2020 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मदुराईजवळ वैगई नदीच्या काठी कीळडी इथल्या उत्खननात मिळालेल्या खापरांच्या आतल्या काळ्या थरात कार्बनच्या नॅनोनळ्या (केसापेक्षा हजारो पट बारीक पोकळ नळ्या) दिसल्या, अशी नोंद त्यात आहे. तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: 2600 वर्षांपूर्वी आपल्या कुंभारांना नॅनोतंत्रज्ञान येत होतं, प्रयोगशाळेशिवाय अशी नळी बनणं अशक्य, म्हणजे ते ज्ञान त्यांच्यापाशी असणारच, त्या नळ्यांमुळेच मडक्याच्या आतला काळा लेप इतकी शतकं टिकला, श्रेय मात्र 1991 साली एका जपानी शास्त्रज्ञानं लाटलं. निबंध खरा आहे. त्यावर चढवलेला इमला कच्चा आहे.

आधी ‘प्रयोगशाळेशिवाय अशक्य’ हे घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. कार्बनचे नॅनोतंतू किंवा नळ्या उगवायला चार गोष्टी लागतात: कार्बन असलेला वायू, साधारण 500 ते 800 अंश सेल्सिअस उष्णता, ऑक्सिजनची टंचाई आणि लोह, निकेल किंवा कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण. हे कण सिरॅमिकवर विखुरलेले असले तर उत्तमच, कारण तापल्यावर ते सहजी एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. वायूचा रेणू कणावर आदळून फुटतो, कार्बन धातूत विरघळतो, पलीकडे सरकतो आणि सोऱ्यातून शेव पडावी तसा तंतू बाहेर येत राहतो. कणाची सिरॅमिकवरची पकड सैल असेल, तर तंतू त्याला उचलून शेंड्यावर घेऊन वाढतो. घट्ट असेल, तर कण बुडाशीच राहतो. ब्रिटनमध्ये हार्वेल इथं आर. टी. के. बेकर आणि सहकाऱ्यांनी निकेलवर ॲसिटिलीन वायू सोडून ही वाढ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहिली आणि 1972 साली प्रसिद्ध केली.

आता कुंभाराचा आवा पाहा. मातीत लोहाची ऑक्साइडं असतात, भाजलेल्या मडक्याचा तांबडा रंग त्यांचाच. भुसा, शेण, पालापाचोळा कोंडून जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन निघतात. मडकं पालथं घातलं की आत हवा पोचत नाही. म्हणजे चारही गोष्टी एका जागी आल्या. कीळडीत नेमकं हेच घडलं असं मी म्हणत नाही. पण हे आपोआप घडू शकतं, एवढ्यानंच ‘अशक्य’ गळून पडतं.

याला पुरावे हवेत? अमेरिकेत एल पासोच्या विद्यापीठात लॉरेन्स मर यांच्या गटानं घरगुती गॅसच्या ज्योतीतून निघणारे कण गोळा करून तपासले, त्यांत नॅनोनळ्या होत्या. याच गटाला ग्रीनलंडच्या सुमारे 10,000 वर्षं जुन्या बर्फातही त्या आढळल्या. तिथं कोणता कुंभार बसला होता?

कारखान्यांत तर ही चक्क कटकट मानली जाते. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना (आपल्याकडे अलिबागजवळच्या थळला हेच चालतं) वायू आणि वाफ निकेल लावलेल्या सिरॅमिक गोळ्यांवरून नेतात. वाफ कमी पडली की त्या गोळ्यांवर कार्बनचे तंतू उगवतात आणि वाढता वाढता गोळीचाच भुगा करतात. ते उगवू नयेत म्हणून अभियंत्यांची धडपड चालते. फॉरवर्डच्या न्यायानं वाफ द्यायला विसरणारा चालकसुद्धा नॅनोतज्ज्ञ ठरेल.

मुद्दाम पिकवायचे म्हटलं की काय काय सांभाळावं लागतं, ते नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या कामात दिसतं. तिथं कॉर्डिएराइट या सिरॅमिकच्या जाळीदार ठोकळ्यांवर नॅनोतंतूंचा थर वाढवला गेला. या ठोकळ्याला स्वतःचा अंतर्गत पृष्ठभाग जवळपास नसतोच. नॅनोतंतूंचा मात्र एका ग्रॅमला 100 ते 200 चौरस मीटर असू शकतो. म्हणून आधी ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ थर, त्यावर निकेल, मग हायड्रोजनमध्ये तापवणं, मग मोजून वायू. पुढच्या ठोकळ्यावर तसाच थर पुन्हा आला, तरच काम झालं म्हणायचं. कीळडीच्या निबंधात नळ्या सापडल्याची नोंद आहे. त्या ठरवून पिकवल्याचा पुरावा नाही.

‘नळ्यांमुळे लेप टिकला’ हे ऐकायला पटतं, कारण नॅनोनळी मजबूत असते हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ती ताकद सुट्या नळीची, तीही लांबीच्या दिशेनं. लेप टिकतो की झडतो, ते मातीशी असलेल्या पकडीवर ठरतं, आणि उगवलेले तंतू सिरॅमिकला धरून राहावेत यासाठी आजही खटपट करावी लागते. उलट, भाजताना मातीच्या छिद्रांत मुरलेला साधा कार्बन कुजत नाही, विरघळत नाही, पुरलेल्या जागी जळतही नाही. विदर्भात माहूरझरी आणि नायकुंडच्या महापाषाणीय दफनांतली काळी-तांबडी मडकीही दोन-अडीच हजार वर्षं काळी राहिलीच आहेत.

काही फॉरवर्डमध्ये ‘0.6 नॅनोमीटर, आजच्या विज्ञानालाही न जमणारी’ असं शेपूट असतं. आकडा निबंधातलाच आहे, शेपूट खोटं. हाँगकाँगच्या संशोधकांनी झिओलाइटसारख्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रं असलेल्या स्फटिकाच्या पोकळ्यांत 0.4 नॅनोमीटरच्या नळ्या बनवून 2000 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. शिवाय रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखायच्या पद्धतीत) 0.6 नॅनोमीटरच्या नळीची खूण जिथं पडते, साधारण तिथंच मातीतलं हेमटाइट हे लोहाचं ऑक्साइडही रेष देतं. त्यामुळे अशा दाव्यात सूक्ष्मदर्शकाची साथ लागतेच. निबंधात ती घेतलेली आहे, हे मान्य करायला हवं.

श्रेय लाटल्याचं तर सोडाच. लोखंडी मुशीत वायूपासून कार्बनचे तंतू काढण्याचं पेटंट ह्यूज आणि चेंबर्स यांनी 1889 साली अमेरिकेत घेतलं. रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी पोकळ तंतूंची चित्रं 1952 मध्ये सोव्हिएत नियतकालिकात छापली. 1976 मध्ये अशाच पोकळ तंतूंवर ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांचं काम आलं. 1991 साली इजिमांनी, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या जपानी शास्त्रज्ञानं, या नळ्यांची रचना नीट उलगडली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं.

पालथं मडकं आतून काळं आणि बाहेरून तांबडं उतरवणं हे खरं कसब, आणि ते कुंभार खापरागणिक सिद्ध करून गेलेत. नॅनोनळ्यांचं सिद्ध करायचं असेल तर रस्ता सरळ आहे. त्याच खापराची बाहेरची तांबडी बाजू तपासा, आजूबाजूची माती तपासा, स्थानिक मातीची मडकी त्याच पद्धतीनं भाजा, काही लेप देऊन, काही न देता, आणि कुठे किती नळ्या निघतात ते मोजा. लेप दिलेल्यांतच त्या दर वेळी भरघोस निघाल्या, तर फॉरवर्डवाल्यांशी पुन्हा बोलायला मी तयार आहे.