कंडक्टर नसला तरी चालेल, तालमीचे पैसे हवेत

कंडक्टरशिवाय, म्हणजे समोर उभं राहून काठीने लय दाखवणाऱ्या माणसाशिवाय, वाजवणारा ऑर्केस्ट्रा पाहिला की लोकांच्या दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, "मग तो काठीवाला इतकी वर्षं करत तरी काय होता?" दुसरी, "वा, याला म्हणतात लोकशाही!" मला दोन्ही पटत नाहीत. या ऑर्केस्ट्रांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच जरा विस्ताराने लिहितेय. कंडक्टरचं काम वादकांनी आपसात वाटून घेतलं, तर त्या कामाचे तास कोणाच्या खिशातून जातात, हे कोणी विचारतच नाही.

आधी ते काम काय असतं ते बघू. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात बहुतेकांच्या कानात असते: तीन आखूड स्वर, एक लांब. पण कागदावर त्या स्वरांच्याही आधी एक छोटासा विराम लिहिलेला आहे, मोजून दिलेली शांतता. ती सरते न सरते तोच सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकदम तुटून पडतात. कंडक्टर असला की हात खाली येतो आणि काम भागतं. नसला की पहिल्या व्हायोलिनवादकाचा श्वास, खांद्याची किंचित उचल आणि गजाची हालचाल एवढ्यावर सगळ्यांना सुटायचं असतं. क्लॅरिनेटवाले पार मागे बसलेले. आवाजाला पंधरा मीटर कापायला सुमारे 44 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे पुढचं ऐकून मग वाजवू म्हणणारा उशिराच पोहोचणार. तिथे कानांआधी डोळे लागतात. आणि तो लांब स्वर किती लांबवायचा? त्याच्यावर फर्माटाचं चिन्ह आहे, म्हणजे थांबा. किती थांबा, ते लिहिलेलं नाही. पन्नासएक माणसांनी तो एकाच क्षणी सोडायचा तर त्यांचं त्यावर आधी बोलणं झालेलं असावं लागतं, भांडणसुद्धा झालेलं असावं लागतं. आणि ते होतं तालमीत.

हा प्रयोग नवा नाही. मॉस्कोत 1922 साली लेव्ह त्सेइत्लिन या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने ‘पर्सिम्फान्स’ नावाचा कंडक्टरशिवायचा पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. एकमेकांना दिसावं म्हणून वादक गोलात बसत, त्यामुळे काहींची पाठ थेट श्रोत्यांकडे. 1927 मध्ये रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह त्यांच्याबरोबर वाजवायला गेला. त्याचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. अवघड जागा हे लोक सहज काढत, कारण प्रत्येक जण स्वतःला सोलो वादक समजून चोख वाजवत होता. अडचण यायची ती लय बदलताना, कारण तिथे सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी जाणवावी लागते. ज्याने कधी चार माणसांत मिळून वाजवलंय त्याला हे लगेच कळेल. द्रुत लय सगळे मिळून धरून ठेवता येते. मिळून हळू होत जाणं हे खरं कठीण.

पर्सिम्फान्स दहा वर्षं टिकला, 1932 पर्यंत. त्यातले कित्येक वादक बोल्शोई थिएटरच्या ऑर्केस्ट्रात नोकरीला होते, काही कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवत होते. घर तिकडच्या पगारावर चालायचं.

पुढचं मोठं नाव न्यू यॉर्कच्या ‘ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा’चं. चेलोवादक ज्युलियन फायफर यांनी काही सोबत्यांना घेऊन तो 1972 साली सुरू केला. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. प्रत्येक रचनेसाठी थोड्या वादकांचा एक गट ठरतो. तो आधी भेटतो, लय काय, गज कुठे वर कुठे खाली, कोणता सूर पुढे यायला हवा याचा आराखडा करतो आणि मग सगळ्यांसमोर मांडतो. पुढच्या रचनेला गट वेगळा, पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादकही वेगळा. तालीम शेवटाकडे आली की कुणीतरी वाद्य खाली ठेवून सभागृहात जाऊन बसतं आणि तिथून सांगतं, "हॉर्न झाकतायत, व्हायोला ऐकूच येत नाही." कोणीही कोणालाही थांबवू शकतं. नेहमीच्या ऑर्केस्ट्रात तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याला शंका आली तर ती सेक्शनच्या, म्हणजे त्या वाद्याच्या गटाच्या, प्रमुखामार्फत वर जाते, आणि बहुतेकदा तो ती गिळूनच टाकतो.

हे गिळणं साधं नाही. हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार देशांतल्या 78 सिम्फनी ऑर्केस्ट्रांचा अभ्यास केला होता; तो 1990च्या दशकात प्रसिद्ध झाला. कामाची आतून येणारी ओढ ऑर्केस्ट्रातल्या वादकांत इतर सगळ्या व्यवसायांपेक्षा जास्त निघाली. पण कामातल्या एकूण समाधानात तेरा व्यवसायांत त्यांचा नंबर सातवा, अमेरिकेतल्या केंद्रीय तुरुंगाच्या रखवालदारांच्या खाली. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून रोज तासन्‌तास घासलेली माणसं ही. पडद्याआड ऑडिशन देऊन शेकडोंतून एक निवडली जातात आणि त्यानंतर तीस-तीस वर्षं त्यांना कोणी विचारत नाही की बाबा, तुला ही ओळ कशी वाटते? कंडक्टरशिवायचे ऑर्केस्ट्रा हे विचारतात. बॉस्टनच्या ‘अ फार क्राय’मध्ये 2007 पासून कार्यक्रमात काय वाजवायचं तेसुद्धा वादक मिळून ठरवतात. त्यांचं वाजवणं ऐकलंत तर कळेल, मागच्या खुर्चीवरचं माणूसही तिथे जागं असतं.

पण पैशाचं बोलायलाच हवं. ऑर्फियसचे वादक इतरत्र शिकवतात, इतरत्र वाजवतात. युरोपातल्या अशा गटांतही कितीतरी जण दुसऱ्या ऑर्केस्ट्रांतल्या नोकऱ्या सांभाळून येतात. इतकंच काय, व्हिएन्ना फिलहार्मोनिक घ्या. 1842 पासून वादकांनीच चालवलेला, 1933 पासून कायमचा कंडक्टर न ठेवलेला. कोणाला बोलवायचं ते वादक ठरवतात. पण तिथे सदस्य व्हायचं तर आधी स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात नोकरी मिळवावी लागते. महिन्याचा पगार तिकडून येतो, म्हणून इकडे मान ताठ ठेवता येते. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये कंडक्टर आहे, पण त्याला मत देऊन निवडतात वादक, आणि तेच वादक पगारदारही आहेत.

लंडनची गोष्ट याच्या उलट. 1904 मध्ये क्वीन्स हॉलच्या ऑर्केस्ट्रात नियम आला की यापुढे बदली वादक पाठवायचा नाही. जास्त पैशांचं काम आलं की तालमीला दुसऱ्याला पाठवायचं, अशी तोवरची रीत होती. चाळीसएक वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मालकीचा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. आजही वादकच त्याचे मालक आहेत. पण ते पगारदार नाहीत, स्वयंरोजगारी आहेत. ज्या दिवशी वाजवलं त्या दिवसाचे पैसे. मत आहे, सुरक्षितता नाही. एकशेवीस वर्षांपूर्वी जे लंडनमध्ये होतं ते आता कुठल्या कुठे पसरलंय.

कायमच्या जागा कमी होतायत. जर्मनीत एकीकरणानंतर, 1992 मध्ये, 168 सरकारी मदतीवरचे ऑर्केस्ट्रा होते. आता सुमारे 130 उरलेत, आणि हा तर या बाबतीत जगातला सगळ्यात श्रीमंत देश. ब्रिटनमध्ये 2023 च्या संगीतकारांच्या गणनेत, सगळ्या प्रकारचं संगीत धरून, संगीतातून होणारी सरासरी वार्षिक कमाई 20,700 पौंड निघाली. महामारीत न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वादकांना जवळपास वर्षभर पगार मिळाला नाही, जगातल्या सर्वोत्तम वादकांत गणना होणाऱ्यांना. काहींनी शहर सोडलं.

शरीराचं तर कोणी बोलतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या पाहणीत 84 टक्के वादकांनी सांगितलं की वाजवण्यात अडथळा येईल इतकं दुखणं त्यांनी कधी ना कधी सोसलंय. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 साली वाग्नरच्या तालमीत एका व्हायोलावादकाच्या कानामागेच ब्रास विभाग, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, बसवला होता. त्याच्या कानाला कायमची इजा झाली. 2018 मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. पगारी नोकरीत निदान दाद तरी मागता येते. आज इथे, उद्या तिथे वाजवणारा फ्रीलान्सर हात दुखतोय हे सांगायलाच घाबरतो, कारण पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जाईल.

म्हणून मला भीती वाटते ती अशी. एखाद्या व्यवस्थापनाला उद्या कळेल की कंडक्टरचं भलंमोठं मानधन वाचवता येतं, आणि वर ‘लोकशाही’ म्हणून जाहिरातही करता येते. मग तालमी तेवढ्याच ठेवायच्या, वादकांनी चर्चा करायची ती चहाच्या सुट्टीत आणि रात्री फोनवर, फुकट. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, वाचायचा घरी, फुकट. दोन-दोन तास वाद घालून लय ठरवायची, तीही फुकट. माझं म्हणणं साधं आहे: वाचलेलं मानधन तालमीत गेलं पाहिजे, चर्चेचा प्रत्येक तास करारात लिहिलेला पाहिजे, गट चालवणाऱ्याला त्या रचनेपुरते जास्त पैसे मिळाले पाहिजेत. आजारपणाची रजा हवी. वादकांनी मालक व्हावं, जरूर व्हावं, पण मालकीच्या नावाखाली त्यांच्या गळ्यात नुसता तोटा पडू नये.

आणि वादकांना हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने मोठी पगारकपात पुढे केली, आणि ऑक्टोबर 2012 पासून सुमारे सोळा महिने वादकांना टाळेबंदीत ठेवलं. त्या काळात वादकांनी स्वतः कार्यक्रम लावले, सभागृहं ठरवली, तिकिटं विकली, पैसे उभे केले. त्यांचा कंडक्टर ऑस्मो व्हान्स्का राजीनामा देऊन गेला होता; समझोत्यानंतर तो परत आला. संगीत शाळांतून आज जी मुलं बाहेर पडतायत त्यांना ऑडिशनचे तुकडे पाठ असतात, पण अंदाजपत्रक वाचता येत नाही, करार वाचता येत नाही. ते शिकवायला आता सुरुवात व्हायला हवी, पहिल्याच वर्षापासून, स्केल्सच्या, म्हणजे सुरांच्या रोजच्या सरावाच्या, बरोबरीने.