स्टेशन झालं म्हणजे शहर झालं, असं नाही

"मेट्रो येऊ द्या, स्टेशनच्या आसपासचा विकास आपोआप होईल. सरकारने फक्त एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) वाढवावा आणि भरपूर पार्किंग द्यावं." वाढत्या शहरांबद्दल हे विधान सर्रास पुढे केलं जातं. त्यातला एकही दावा टिकत नाही.

आधी 'आपोआप'. यासाठी हमखास जपानचा दाखला देतात. ओसाकाजवळ इचिझो कोबायाशींच्या कंपनीने १९१० साली रेल्वे सुरू केली, आणि त्याच वर्षी मार्गावरच्या इकेदा गावात स्वतः घेतलेल्या जमिनीवर घरं बांधून ती हप्त्यांनी विकायला काढली. स्टॉकहोम महापालिका तर १९०४ पासूनच शहराबाहेरच्या जमिनी विकत घेत होती. म्हणून पुढे मेट्रोच्या जोडीने उपनगरं वसवता आली. यात आपोआप काय झालं?

एफएसआयचं म्हणाल, तर मुद्दा चालण्याचा आहे. स्टेशनपासून ५०० मीटरच्या वर्तुळात सुमारे ७८ हेक्टर जमीन येते, पण ती नकाशावर. प्रत्यक्षात मधे गृहसंकुलाची सलग भिंत असते, पुढे सहापदरी रस्ता, आणि तो ओलांडायला सिग्नल थेट पुढच्या चौकात. नकाशावर ३०० मीटरवर असलेल्या घरातून स्टेशन गाठायला मग किलोमीटरभर पायपीट होते, तीही फुटपाथ असलाच तर. अशा जागी मजले चढवले की राहायला आलेला माणूस खाली उतरून गाडीच काढतो. त्या भिंतीत एक फाटक उघडा, रस्ता ओलांडायची सोय करा; मजल्यांचं नंतर बघू.

पार्किंगचा हिशेब सोपा आहे. ये-जा करायच्या जागेसकट एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे हजार गाड्यांना अडीच हेक्टर, आणि गाडीमागे एक माणूस धरला तर सहा डब्यांची एक मेट्रोसुद्धा खच्चून भरत नाही. स्टेशनला खेटून असलेली सगळ्यात मोलाची जमीन यासाठी द्यायची?

"भाव वाढले की सगळ्यांचंच भलं" ही पुरवणीही याला जोडलेली असते. भलं होतं जमीनमालकाचं. भाडेकरू, म्हणजे ज्याला गाडी परवडत नाही आणि रेल्वेची खरी गरज आहे तोच, लांब फेकला जातो. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्टेशनवरच्या विकासाचे हक्क रेल्वे येण्यापूर्वीच्या जमीनदराने मिळतात, आणि वाढलेल्या किमतीतून मार्गाचा खर्च निघतो. परवडणाऱ्या घरांची जमीनही मार्ग जाहीर होण्याआधीच राखून ठेवायला हवी. नंतर तीच जमीन सरकारला चढ्या भावाने घ्यावी लागते.