डब्याची मागची बाजू

रक्ताच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वापुढे ‘कमी’ असं छापून आलं, की माणसाचे हितचिंतक अचानक वाढतात. डॉक्टर गोळी सांगून मोकळे होतात. ती कुठून घ्यायची हे सांगायला मात्र सगळे धावून येतात.

पहिला धावला जिमचा ट्रेनर. ‘‘सर, औषधाच्या दुकानातून अजिबात घेऊ नका. तिथे आजारी लोक जातात.’’ मला त्याने ज्या दुकानात नेलं, तिथले डबेसुद्धा माझ्याहून धडधाकट होते. प्रत्येकावर सिंह, वीज, नाहीतर डोकं नसलेली छाती. तिथे ‘ड’ची गोळी मागणं म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात जाऊन थर्मामीटर मागणं. विक्रेत्याने ऐकून घेतलं आणि प्रथिनांची भुकटी पुढे केली.

आता, मला डब्याची मागची बाजू वाचायची वाईट खोड आहे. प्रथिनं मोजण्याची १८८३ सालची जी केल्डाल पद्धत अजून चालते, ती प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. त्यामुळे भुकटीत ग्लायसीनसारखं स्वस्तातलं अमिनो आम्ल ढकललं, तरी आकडा मस्त फुगतो. ‘‘हा आकडा प्रथिनांचा की नुसत्या नायट्रोजनचा?’’ असं मी विचारलं. विक्रेता मोठ्या मनाने म्हणाला, ‘‘सर, यात तुम्हाला नायट्रोजनपण भरपूर मिळेल!’’

मग विषय गोळीवर आला. एका बाटलीवर १००० आय.यू. (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) लिहिलेलं, दुसरीवर २५ मायक्रोग्रॅम. ‘‘ही सौम्य आहे, सुरुवातीला बरी. हजारवाली कडक,’’ त्याने समजावलं. ‘ड’च्या बाबतीत एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आय.यू., म्हणजे दोन्ही गोळ्या तंतोतंत सारख्या. मी हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि कडकवालीच पिशवीत घालायला घेतली. मी निसटलो. पिशवी तिथेच राहिली.

दुसरा हितचिंतक शाळेतला मित्र. शाळा सुटल्यावर याने कधी ‘कसा आहेस’ विचारलं नव्हतं. आता थेट माझ्या हाडांची काळजी. ‘‘अरे, आमचं प्रॉडक्ट दुकानात मिळतच नाही!’’ का मिळत नाही, असं विचारलं की तुम्ही त्याच्या मीटिंगला यायला पात्र ठरता. बाटलीवर डझनभर वनस्पतींची नावं आणि खाली सगळ्यांचं मिळून एक वजन. कोणती किती, हे गुपित. शिवाय समोर छापलेला भरघोस आकडा एका गोळीचा नव्हे, एका ‘सर्व्हिंग’चा, आणि सर्व्हिंग म्हणजे तीन गोळ्या. ‘‘घेतलीस तर हाडं भक्कम, विकलीस तर भविष्य,’’ तो म्हणाला. मला तूर्त गुडघ्यापुरतंच बघायचं होतं.

राहता राहिलं ऑनलाइन. तिथे हितचिंतकांची जत्राच. ‘पार्सल वेळेत आलं, पाच तारे.’ ‘अजून घेतली नाही, पण पॅकिंग सुंदर.’ ‘झाकण घट्ट आहे, एक तारा.’ गोळीने काय झालं, हे सांगायला कोणी थांबलेलं नाही. संकेतस्थळ नावाजलेलं असलं तरी विकणारा बारीक अक्षरात वेगळाच निघतो. त्यात ‘दर महिन्याला आपोआप पाठवा’ या चौकोनात बरोबरची खूण आधीच कोणीतरी करून ठेवलेली. यूएसपी, एनएसएफ अशा त्रयस्थ संस्थांचं चिन्ह असलं, तर डब्यावर लिहिलंय तेच आत आहे, एवढी तरी तपासणी झालेली असते. गुण येईल की नाही, हे ते चिन्ह सांगत नाही. पण बऱ्याच डब्यांवर नुसतं ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ असतं. तपासून काय निघालं, ते नसतं.

शेवटी गेलो जिथे आजारी लोक जातात तिथेच. काउंटरमागच्या काकांनी मान वर न करता चिठ्ठी मागितली. वाचली. मग इतक्या दिवसांत कोणीही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला : ‘‘आणखी काय काय घेता?’’

मी मल्टिव्हिटॅमिनचं नाव सांगितलं. त्यांनी तीच बाटली फळीवरून काढली, उलटी केली (माणूस आपल्यातला होता!) आणि बोट ठेवलं. ‘‘यातही ‘ड’ आहे. ‘क’ जास्त झालं तर बरंचसं लघवीतून जातं. हे चरबीत साठतं. डॉक्टरांना सांगितलंत?’’ सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. ‘‘मग आधी फोन करा. गोळी कुठे पळून जात नाही.’’ आणि मला काहीही न विकता त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

हा प्रसंग मी मित्राला भारावून सांगितला. तोही भारावला. म्हणाला, ‘‘लोकांचा असा विश्वास बसणारा माणूसच आम्हाला हवाय. काकांचा नंबर दे.’’