शॅमेलिऑनच्या तोंडात 'एक थेंब' टाकण्याआधी

शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला प्रसादासारखा वाटला जातो. 'खात नाहीये? जंत झाले असतील. फेनबेंडाझोलचा एक थेंब टाक तोंडात.' सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

त्या एका थेंबाचं गणित मांडून बघा. गुराढोरांसाठी मिळणाऱ्या 10 टक्क्यांच्या पातळ औषधात दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम फेनबेंडाझोल असतं. तुमचा प्राणी 100 ग्रॅमचा आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे 25 मिलिग्रॅम डोस ठरवला असं धरू. म्हणजे त्याला हवं अडीच मिलिग्रॅम, म्हणजेच 0.025 मिलिलिटर. 100 युनिटच्या 1 मिलिलिटर इन्शुलिन सिरिंजवर जेमतेम अडीच युनिट! थेंब असतो साधारण 0.05 मिलिलिटरचा, म्हणजे सरळ दुप्पट. पिल्लू 25 ग्रॅमचं असेल तर आठपट. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा घरात नसताना औषधाच्या गोष्टी करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

'फेनबेंडाझोल सुरक्षित असतं हो,' हे उत्तर ठरलेलं. योग्य डोसमध्ये ते बऱ्यापैकी सुरक्षित आहेच. पण ते जंतांच्या पेशींमधल्या सूक्ष्मनलिका (पेशीचा आतला सांगाडा) बांधू देत नाही, आणि डोस वाढला की प्राण्याच्या स्वतःच्या भराभर विभागणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. पहिला फटका अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला. पांढऱ्या पेशी घटल्याच्या नोंदी कासवं, साप आणि कबुतरं अशा वेगवेगळ्या प्राण्यांमध्ये झालेल्या आहेत. आधीच अशक्त झालेल्या सरड्याला हे झेपेल कसं?

आणि मुळात आत आहे कोण, हेच माहीत नसतं. पिनवर्म आणि इतर गोल जंतांवर फेनबेंडाझोल चालतं. कॉक्सिडियावर त्याचा काही उपयोग नाही. तो एकपेशीय परजीवी आहे, त्याला सल्फा गटातलं औषध, टोल्ट्राझुरिल किंवा पोनाझुरिल लागतं. फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव) वाढले असतील तर मेट्रोनिडाझोल, आणि त्याचा डोस चुकला तर थेट मज्जासंस्थेवर परिणाम. क्रिप्टोस्पोरिडियम हा आणखी एक एकपेशीय परजीवी निघाला तर खात्रीचं औषधच नाही. बाहेरून लक्षणं मात्र सगळ्यांची जवळपास सारखीच: वजन उतरणं, पातळ आणि घाण वासाची शी, खोल गेलेले डोळे, दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणं. यातलं निम्मं तर नुसतं पाणी कमी पडल्यानेही होतं, किंवा ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा पुरेशी तापत नसल्यानेही. खात नाही म्हणजे जंतच, हे कुणी ठरवलं?

म्हणून आधी शीची तपासणी. नमुना ताजा हवा. जंतांची अंडी शोधायची असतील तर घट्ट झाकणाच्या डबीत, सुकू न देता, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) एक दिवस ठेवता येतो. फ्लॅजेलेट मात्र जिवंत हलतानाच ओळखायचे असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी शी झाल्याबरोबर दवाखाना गाठलेला बरा. तिथे दोन्ही पद्धतींनी बघायला सांगा: काचेवर थेट, आणि दाट मिठाच्या किंवा साखरेच्या पाण्यात अंडी तरंगवून. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून एकदा काही दिसलं नाही तर विषय संपत नाही. उलटंही होतं. खाल्लेल्या किड्याच्या पोटातले परजीवी किंवा त्यांची अंडी सरड्याच्या शीतून जशीच्या तशी बाहेर येतात, आणि नवख्या नजरेला तो सरड्याचा आजार वाटतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव असलेला डॉक्टर शोधा म्हणतो ते यासाठीच.

औषध सुरू करण्याआधी अंगात पाणी हवं. सल्फा औषधं कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून त्या काळात फवारा आणि ठिबक वाढवा. शीसोबत येणारा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसत असेल तर सरडा तहानलेला आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. तोंड जबरदस्तीने उघडण्यापेक्षा डोस किड्यात भरून खाऊ घालता येतो का, तेही विचारा. जीभ आणि श्वासनळीचं तोंड दोन्ही तिथेच असतात. खेचाखेचीत आगीतून फुफाट्यात जायला वेळ लागत नाही.

पण माझा खरा राग पिंजऱ्याकडे होणाऱ्या दुर्लक्षावर आहे. पिनवर्म काय, कॉक्सिडिया काय, यांना मधला यजमान (वाढीसाठी मध्येच लागणारा दुसरा प्राणी) लागत नाही. शीतून बाहेर पडायचं आणि परत तोंडातून आत जायचं, एवढंच त्यांचं चक्र. जंगलात सरडा पुढच्या फांदीवर निघून जातो. पिंजऱ्यात तो त्याच दोन फांद्यांवर फिरतो. त्यात मोकळा सोडलेला नाकतोडा शीवरून चालतो, ती खातोही, आणि रात्र काढून सकाळी सरड्याच्या पोटात जातो. औषध आतले जंत मारतं आणि नाकतोडा नवे पोहोचवतो! उपचार चालू असेतो माती काढा, तळाला साधा कागद, धुता येतील अशाच फांद्या, किडे कपमधूनच, आणि शी दिसली की लगेच बाहेर. कॉक्सिडियाची कवचबंद अंडी साध्या ब्लीचला दाद देत नाहीत, तिथे वाफ कामी येते. जंतांच्या औषधाचा दुसरा डोस साधारण दोन आठवड्यांनी देतात तो अंड्यांतून मागाहून निघणाऱ्यांसाठी, त्यामुळे 'आता बरा दिसतोय' म्हणून तो टाळू नका.

शेवटच्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हा दोन-चार पिनवर्मची अंडी दिसली, पण वजन वाढतंय आणि शी घट्ट आहे, तर मी डॉक्टरांना विचारून तिथेच थांबण्याच्या बाजूचा आहे. शून्य आकड्यासाठी तिसरा-चौथा डोस मला पटत नाही. कॉक्सिडियाच्या बाबतीत मात्र मी एवढा उदार नाही. लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत पिंजऱ्यात कागदच राहील, मग तो फोटोत कितीही भकास दिसो.