टीटीएल ६५ केला की हॉटस्पॉट लपतो?

अमेरिकेतल्या ‘अनलिमिटेड’ मोबाइल प्लॅनांमध्ये हॉटस्पॉटच्या डेटाला बहुतेकदा वेगळी मर्यादा असते. त्यावरचा उतारा म्हणून एक सल्ला फिरतो: ‘आयपीटेबल्सची एक ओळ टाका, टीटीएल ६५ करा. कंपनीला हॉटस्पॉट कधीच कळणार नाही, नेट पळेल, तोटा शून्य.’ आयपीटेबल्स म्हणजे लिनक्समधली पॅकेटांना (डेटाच्या तुकड्यांना) नियम लावायची आज्ञा. टीटीएल म्हणजे प्रत्येक पॅकेटवरचा आकडा; तो प्रत्येक राउटरपाशी एकने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं.

‘६५ करा’, पण कुठे? सगळी मेख तिथेच आहे. लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन आपलं पॅकेट टीटीएल ६४ ठेवून पाठवतात, विंडोज १२८. लॅपटॉपचं पॅकेट पुढे ढकलताना फोनचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्यातून एक वजा करतो, म्हणून कंपनीला ६३ किंवा १२७ दिसतं; फोनच्या स्वतःच्या पॅकेटवर ६४ असतात, त्यामुळे हॉटस्पॉट उघडा पडतो. नियम लॅपटॉपवर किंवा फोनच्या प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट आत येतानाच्या टप्प्यावर) असेल तर वजाबाकी नंतर होते, ६५चे ६४ होतात आणि जमतं. तोच नियम फोनच्या पोस्टराउटिंगमध्ये (बाहेर पडतानाच्या टप्प्यावर) टाकला तर वजाबाकी आधीच उरकलेली असते. पॅकेट ६५ घेऊनच बाहेर पडतं. लपायला गेला आणि हात वर करून उभा राहिला, अशी गत. तिथे ६४च हवेत.

‘कधीच कळणार नाही’ हे तर धाडसच. हा नियम आयपीव्ही४पुरता, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीपुरता. नव्या आयपीव्ही६मध्ये टीटीएलच्या जागी हॉप लिमिट असते, तिला आयपी६टेबल्सचा वेगळा नियम लागतो, आणि अमेरिकेतला बराच मोबाइल ट्रॅफिक आयपीव्ही६वरूनच जातो. दोन्ही नियम लावले तरी विंडोजचे टीसीपी ऑप्शन (जोडणी सुरू करताना पाठवलेल्या खुणा) आणि डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारलेली विंडोज अपडेटची नावं तशीच जातात. हॉटस्पॉटला वेगळा एपीएन (कंपनीच्या नेटवर्कचं प्रवेशद्वार) असेल तर टीटीएल बघायची कंपनीला गरजच नाही. शिवाय अँड्रॉइड ८पासून टेदरिंगचं (म्हणजे हॉटस्पॉटचं) काम हार्डवेअरकडे सोपवायची सोय आहे. ती चालू असेल तर सुरुवातीची पॅकेटं सोडून बाकीची नेटफिल्टरला (आयपीटेबल्सचे नियम राबवणाऱ्या कर्नलच्या भागाला) टाळूनच जातात, आणि नियम नुसता यादीत शोभतो.

वेगाचं म्हणाल तर टीटीएल फक्त किती राउटर ओलांडता येतील ते मोजतो. त्याने नेट पळत नाही. मर्यादाच टीटीएल बघून लावली असेल तर ती टळेल, एवढंच.

राहिला ‘तोटा शून्य’. चक्रात अडकलेलं पॅकेट कधीतरी मरावं म्हणून टीटीएल आहे. स्थानिक नेटवर्कबाहेर जाणाऱ्या पॅकेटचा टीटीएल वाढवू नका, असं आयपीटेबल्सचं मॅन्युअलच बजावतं. एका फोनने इंटरनेट कोसळणार नाही, ती भीती ताणू नये. पण फोनच्या प्रीराउटिंगमध्ये नियम ठेवून लॅपटॉपवरून ट्रेसराउट (टीटीएल १, २, ३ असा वाढवत वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) चालवा: टीटीएल १चं पॅकेटही ६५ होऊन थेट मुक्कामी पोचतं, मधले सगळे राउटर गायब. नेट नेमकं कुठे अडकलंय हे शोधायचं असेल तर आधी हा नियम काढावा लागतो.